हात, पट्टी आणि ऐन

नव्या गिटारच्या खोक्यावर बारीक अक्षरांत साहित्याची यादी छापलेली असते. नेक मेपलचा, फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांखालची पट्टी, इंडियन लॉरेलचा, वगैरे. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका कॉलेजच्या पोरानं स्क्वायरची इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली आणि ही यादी सुतार मिस्तरींच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. लॉरेल म्हणजे कुठलं तरी विलायती, भारी लाकूड असणार असं धरून सगळे ऐकत होते. हसले ते एकटे निवृत्त वनपाल. गावात त्यांना अजून राऊंडसाहेबच म्हणतात. म्हणाले, "हा तं आपला ऐन होय जी. साज."

खरं आहे. लाकडाच्या व्यापारात ऐनाला हेच इंग्रजी नाव आहे, वनखात्याच्या जुन्या पुस्तकांतही तेच. शास्त्रीय नाव टर्मिनेलिया इलिप्टिका. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात सागाच्या जोडीनं जिकडे तिकडे उभा. त्याच्या पाल्यावर टसरचे किडे पोसले जातात, भंडारा-गडचिरोलीकडच्या ढिवर कुटुंबांचा तो जुना धंदा. घराच्या मयालीला, म्हणजे तुळईला ऐन, नांगराला ऐन, आणि आता अमेरिकन नावाच्या गिटारच्या पट्टीलाही ऐन.

पोराचा चेहरा उतरला. घरच्या जंगलातलं लाकूड निघालं म्हणजे आपल्याला हलका माल मिळाला, असं त्याला वाटलं. ती पट्टी इथल्याच ऐनाची असेल असं माझं म्हणणं नाही. हे झाड कोकणापासून थेट थायलंड-व्हिएतनामपर्यंत आहे.

*

शेडमधला कायमचा वाद: हात मोठा की लाकूड मोठं?

पोरांच्या बाजूनं लाकूड. त्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात; रोजवूडचा आवाज 'वॉर्म', मेपलचा 'ब्राइट', आबनुसाचा 'स्नॅपी'. हे शब्द ते इतक्या खात्रीनं वापरतात की जणू मंडईत आंबे निवडतायत. गुरुजींच्या बाजूनं हात. गुरुजी निवृत्त शिक्षक. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. मिस्तरींची बाजू कुणीच विचारत नाही, कारण ते दिवसभर लाकडातच असतात. एकदा विचारलं तर रंधा न थांबवता म्हणाले, "लाकूड का वाजते जी? वाजवनारा वाजवते. पन लाकूड ओलं असलं तं वाजवनाऱ्याच्या बापालेही वाजवता येत नाही."

इतक्या नेमकेपणानं हा मुद्दा मी कुठल्या मासिकात वाचलेला नाही.

*

हा ऐन गिटारवर चढला कसा, याची गोष्ट जोहान्सबर्गला सुरू होते. 2016च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे साइट्स कराराच्या सदस्य देशांची परिषद भरली. वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या देशोदेशींच्या व्यापारावर नजर ठेवणारा हा करार. परिषदेत ठरलं की डाल्बर्जिया, म्हणजे शिसव-शिसमाचा, रोजवूडचा सगळा वंश, दुसऱ्या परिशिष्टात घालायचा. व्यापार बंद नाही, पण परवान्याशिवाय नाही. 2 जानेवारी 2017पासून अंमल.

गिटारवाल्यांचा यात दोष फारसा नव्हता. मूळ भूक चीनमधल्या फर्निचरची. तांबूस-काळ्या जड लाकडाच्या पारंपरिक खुर्च्या, पलंग, कपाटं. संयुक्त राष्ट्रांच्या 2016च्या अहवालात 2005 ते 2014 या काळात जप्त झालेल्या वन्य मालाचा हिशेब आहे. किमतीच्या मापानं त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा एकट्या रोजवूडचा. हस्तिदंतापेक्षाही जास्त. जंगलं रिकामी होत होती, आणि एक जात वाचवली की तस्कर दुसरीच्या नावानं माल काढत. कापलेल्या फळीवरून ही कुठल्या जातीची हे बंदरावरचा कस्टमवाला कसं ओळखणार? म्हणून अख्खा वंश एका दावणीला बांधला.

त्या दावणीत गिटारही आली. दुकानातून परदेशी जाणाऱ्या, रोजवूड असलेल्या प्रत्येक तयार वाद्याला कागद लागू लागला. मोठ्या कंपन्यांनी हिशेब केला: स्वस्त गिटारच्या एका पट्टीपायी एवढी कटकट कशाला? कुणी पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड घेतलं, कुणी ऐन. पुढे ऑगस्ट 2019मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग या अटीतून सोडवले. 26 नोव्हेंबर 2019पासून ती सूट लागू झाली. पण तोवर कारखान्यांचा माल ठरून गेला होता. सूट मिळाली तरी ऐन पट्टीवरच राहिला.

मधल्या तीन वर्षांत वादकांमध्ये जी घबराट होती ती मात्र फुकाची होती. स्वतःची गिटार घेऊन कार्यक्रमाला जाणाऱ्याला अडवायचा तो नियमच नव्हता. दहा किलोपर्यंतच्या बिगरव्यापारी मालाला पहिल्यापासून सूट होती. आणि दहा किलोची गिटार कुणी गळ्यात अडकवत नाही.

*

राऊंडसाहेबांना हा कायदा सांगितला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मंग धोबीनही आली का त्यात?"

धोबीण हेही डाल्बर्जियाच. आपल्या जंगलात आहे, आणि लाकूड इतकं बेभरवशाचं की आतून थरच्या थर सुटतात. जळाऊ म्हणूनही लोक तिला नाक मुरडतात. हो, तीही आली. पॅरिसच्या लिलावात जाणाऱ्या ब्राझिली रोजवूडची ही चुलत बहीण, कागदोपत्री आता मानाची.

*

शिसव आणि शिसम यांची गल्लत दुकानदार मुद्दाम करतात. शिसम हिमालयाच्या पायथ्याचा, नदीकाठचा. आपल्याकडे रस्त्याच्या नि कालव्याच्या कडेनं लावलेला. लवकर वाढतो. शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, जंगलातला, सावकाश वाढणारा, गाभ्याला जांभळट-काळा. जगाच्या गिटारींवर 'इंडियन रोजवूड' म्हणून मिरवतो तो हा दुसरा. त्यातला बराचसा दक्षिणेतला, कर्नाटक-केरळ-निलगिरीकडचा. निसर्गरक्षणाच्या जागतिक यादीत आज तो 'असुरक्षित' जातींत आहे.

तो अमेरिकेत एवढा पोचला त्यालाही बंदीच कारण. ब्राझीलनं साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या रोजवूडचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं, आणि मार्टिन ही गिटार कंपनी 1969मध्ये भारतीय शिसवाकडे वळली. त्या वेळच्या खरेदीदारांना हा पडता माल वाटला. आज त्याच गिटारी जुन्या म्हणून चढ्या भावानं जातात, आणि त्यांचे मालक लॉरेलला नाक मुरडतात. पन्नास वर्षांनी ऐनाच्या पट्टीवर लोक उसासे टाकतील. पैज लावायला मी तयार आहे, वसूल करायला नसेन.

*

सगळ्यात गंमतीचा भाग आबनुसाचा.

व्हायोलिनची पट्टी, चांगल्या गिटारची पट्टी आबनुसाची. काळी, गुळगुळीत, बोटाला थंड. आबनूस म्हणजे डायोस्पायरॉस वंशातली झाडं. आणि गोंदिया जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ओळखू येणारं डायोस्पायरॉस म्हणजे तेंदू. युरोपच्या व्यापारात तेंदूच्या काळ्या गाभ्याला 'कोरोमंडल एबनी' म्हणत.

मग आपण आबनुसाच्या जंगलात राहतो की काय? राहतो, पण आबनूस दिसत नाही. काळा गाभा धरतो तो जुन्या, जाडजूड झाडात, तोही सगळ्यांत सारखा नाही. आपल्याकडे तेंदूला म्हातारं होऊ कोण देतं? विडीला कोवळं, लवचीक, मोठं पान हवं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं छाटतात, छाटलेल्या बुंध्याला नवे फुटवे येतात, एप्रिल-मेमध्ये त्यांची पानं तोडून पुडके बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजायला नेतात. या महिन्या-दीड महिन्याच्या पैशावर कितीतरी घरांचं खत-बियाणं आणि मुलांची फी निघते. झुडूप वाढलं की पुन्हा छाटायचं. आबनुसाचं झाड असं वर्षानुवर्षं बाळच राहतं.

हे मी पोरांना सांगितलं तर एकजण म्हणाला, "म्हणजे माझी आजी रोज एक गिटार ओढते."

*

मादागास्करच्या आबनुसावरून गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीवर 2009 मध्ये धाड पडली, नॅशव्हिलला. दुसरी 24 ऑगस्ट 2011ला, नॅशव्हिल आणि मेम्फिसला, आणि या वेळी जप्त झालेलं लाकूड होतं भारतातलं, शिसव आणि आबनूस.

अमेरिकेचा लेसी कायदा 1900 सालचा, मुळात शिकारीच्या मालासाठी. 2008 साली त्यात झाडं आणि लाकूड आलं: ज्या देशात माल निघाला त्या देशाचा कायदा मोडला असेल तर तो अमेरिकेतही गुन्हा. भारताचा निर्यात नियम सांगतो की कापीव लाकूड बाहेर जाऊ द्यायचं नाही. कारागिरी इथे व्हावी, तयार वस्तू बाहेर जावी. सहा मिलिमीटरपर्यंतचं पातळ व्हिनियर चालतं. गिटारच्या पट्टीचा तुकडा त्याहून जाड. मग ती कापीव फळी समजायची की वाद्याचा सुटा भाग? यावर तिकडे वकील, खासदार, टीव्हीचे अँकर सगळे भांडले. 'आमच्या कारखान्यात भारताचा कायदा का?' असा सूर लागला.

ऑगस्ट 2012मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या लाकडाबद्दल गिब्सननं तीन लाख डॉलर दंड भरला, पन्नास हजार वन्यजीव संस्थेला दिले आणि जप्त लाकडावरचा हक्क सोडला. भारतीय लाकूड परत मिळालं, कारण भारताचाच नियम पुरेसा स्पष्ट नाही असं अमेरिकी सरकारी पक्षानं मानलं.

राऊंडसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. नोकरीभर त्यांनी नाक्यावर ट्रक थांबवून टीपी, म्हणजे वाहतूक परवाने, पाहिले, ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का ताडून पाहिला. इथे स्वतःच्या शेतातला ऐन तोडायचा तरी परवानगी लागते. 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, बिजा, हळदू यांच्या पंगतीला ऐनही आहे. शेतकरी कचेरीच्या खेपा घालतो आणि कुठलाही अँकर त्याच्यासाठी ओरडत नाही. "मंग त्यायले का सोन्याचे पाय आहेत का?" एवढंच ते म्हणाले. मला गिब्सनची दया येत नाही ती यामुळेच. पण भारताचा नियमही धड लिहिलेला नव्हता, हे त्याच दमात म्हटलं पाहिजे.

*

हाताच्या बाजूचा पुरावा.

एक. स्पेनच्या अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस हा आजच्या क्लासिकल गिटारचा बाप मानला जातो. 1862 साली त्यानं एक गिटार केली. वरची तबली लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज तबली करते, बाकी डबा आहे, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

दोन. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. ब्राझिली रोजवूडपासून स्वस्त सपेलेपर्यंत. 52 वादकांना डोळे झाकून त्या वाजवायला दिल्या. गुणांत सांगण्यासारखा फरक पडला नाही, आणि महाग लाकूड कुठलं हेही त्यांना धड ओळखता आलं नाही. निष्कर्ष 2018मध्ये छापून आले.

तीन. 'क्वीन' बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची 'रेड स्पेशल'. 1963च्या सुमारास बापलेकांनी घरीच बनवली. नेक एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून काढला. लाकूडकिड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर तीच वाजली. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, 'हेक्टिक्स' नावाच्या पहिल्या बँडमध्ये तिथेच पियानो वाजवला. पण मिस्तरींना त्यात रस नव्हता. त्यांनी शेकोटीच्या चौकटीबद्दल तीनदा विचारलं. किती वर्षांची? शंभराच्या वर? "मंग का! वाळलेलं लाकूड."

चार. गिटारवादक जँगो राइनहार्ट. 1928मध्ये राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी त्यानं युरोपचा जॅझ बदलला. रॉक गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे पट्टीवरची बोटं ती. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली. मिस्तरींचं स्वतःचं एक बोट मशीनच्या रंध्यानं अर्धं नेलेलं आहे. आयोमीचं नाव त्यांना पाठ झालं.

*

पोरांचं यावर उत्तर: लँकेस्टरवाल्यांनी पट्टी बदलली नव्हती, फक्त पाठ. आणि तबली तर सगळ्यांची एकच होती. म्हणजे लाकडाला महत्त्व नाही असं सिद्ध होत नाही. *पाठीच्या* लाकडाला नाही, इतकंच.

बरोबर आहे. मी गप्प बसलो.

*

गुरुजी वादात एक डाव राखून ठेवतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी. तारा उंच उचललेल्या, त्यांच्यावरून लोखंडी बार फिरतो. पट्टीला बोट टेकतच नाही. शिसव लावा, ऐन लावा, फॉर्मायका लावा.

आणि हिंदुस्थानी संगीतात गिटारचं जे काही मोठं घडलं ते बहुतेक याच आडव्या गिटारवर. चाळीसच्या दशकात टाउ मो हा हवाईचा कलावंत कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, त्यानं शिकवलं, वाजवलं, आणि बंगालला ते वेड लागलं. ब्रिजभूषण काबरांनी तेच वाद्य सरोदिये अली अकबर खाँसाहेबांच्या तालमीत रागाला आणलं. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी सगळ्यांना आठवते, तिसरं वाद्य काबरांची गिटार होती हे सांगावं लागतं. विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या तारा लावून मोहनवीणा केली. राय कूडरबरोबरच्या तबकडीला 1994चं ग्रॅमी मिळालं.

मींड काढायची तर पडदे आड येतात. म्हणून पडद्यांवरून तरंगत जायचं. एवढी साधी युक्ती, पण त्यामागे सरोदियाचा हात हवा. गुरुजी हे सांगताना डावा हात हवेत सरकवतात आणि पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांनी काबरा ऐकलेले नाहीत.

*

वादकांची यादी करायला बसलं की भांडण होतंच. पोरांची यादी इंग्रजी नावांची. गुरुजींची यादी सिनेमाची: 'कर्ज'मधली 1980ची ती गिटार गोरख शर्मांची, भूपिंदर सिंग गायक म्हणून ठाऊक, पण संगीतकार पंचमच्या वाद्यवृंदात ते आधी गिटारवादक. अशी माणसं पडद्यावर क्वचितच दिसली. गिटार नायकाच्या हातात, तीही बऱ्याचदा उलटी धरलेली.

मी यादीत आमान्सिओ डिसिल्वा घातला. मुंबईत 1936 साली जन्मलेला गोवेकर, साठच्या दशकात लंडनला गेला, 1969 साली 'इंटिग्रेशन' आणि जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' अशा दोन तबकड्या काढल्या. जॅझमध्ये राग मिसळायचा म्हणून मिसळलेला नाही. दोन्ही त्याच्या बोटांत आधीपासूनच होते. शेडमध्ये मोबाइलवर लावला. कापणीचं मशीन चालू होतं. कुणाला नीट ऐकू आलं नाही, तरी गुरुजी म्हणाले, "हा आपल्याच इकडचा वाटते."

*

एप्रिल-मे: पारा 45च्या आसपास, घरात कूलर नाही, गिटारच्या तबलीला चीर. जुलै-ऑगस्ट: भिंतीला ओल, घोडी उचकटते, नेक वाकतो, तारा पट्टीपासून बोटभर वर. गोंदियासारख्या हवेत लाकडाची जात नंतर. आधी सांध्यांचा डिंक आणि मग गिटारची केस. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज घालून केसमध्ये ठेवावा. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या. दोन हजारांची प्लाय गिटार या हवेत टिकते, सॉलिड लाकडाची महागडी फाटते. गरीब पोरांनी याचा आनंद मानायला हरकत नाही.

*

गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट ओलांडलं की मंडला. तिकडचे परधान हे गोंडांचे गाणारे. त्यांचं वाद्य बाना, तीन तारांचं, गजानं वाजवायचं. कथा अशी की सात भावांतल्या धाकट्याला देवानं बाना करायला शिकवलं, आणि बाना वाजला की बडा देव जागा होतो. त्या देवाचं ठाणं साज वृक्षात. म्हणजे ऐनात. पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे याच परधानांतले. वंशपरंपरेनं गाणारी बोटं त्यांनी रंगांना लावली आणि जगभर गोंड चित्रकला म्हणून जे चालतं ते त्यांच्यापासून सुरू झालं.

ऑनलाइन गिटार मागवलेल्या पोराला हे सांगितलं. त्याची आई गोंड, पण घरात बाना कुणी पाहिलेला नाही. त्यानं गिटारची पट्टी जरा वेगळ्या नजरेनं पाहिली, मग विचारलं, "देव पट्टीत असते की बॉडीत?" हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. राऊंडसाहेब तेवढे हसले नाहीत.

*

मिरजेचा सतारमेकर तून वापरतो. हलकं, तांबूस, विणीला सरळ. भोपळा पंढरपूरकडचा. 1850च्या आसपास शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हे काम हाती घेतलं आणि 2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे लाकडाची चर्चा होते, पण लाकडाचं *नाव* घेऊन नाही. किती वर्षं पडून होतं, कुठल्या बाजूनं कापलं, ठोकल्यावर काय बोललं. गिटारच्या जगात दुर्मीळ तेच चांगलं, ही समजूत विकणाऱ्यांनी रुजवली असा माझा संशय आहे. दुर्मीळ लाकूड दिसायला देखणं असतं, आणि डोळ्याला आवडलं की कान लगेच साक्ष द्यायला उभा राहतो.

*

बासरी बांबूची, म्हणून बासरीवाल्यांना परवान्यांचा त्रास नाही असं कुणी म्हणेल. पण 1927च्या वन कायद्यानं बांबूला झाड म्हटलं होतं. खाजगी जमिनीतल्या बांबूलाही नोव्हेंबर 2017पर्यंत ते लागू राहिलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं स्वतःच्या सामूहिक हक्काचा बांबू विकायला टीपीचं पुस्तक मागितलं, तर त्यासाठी 27 एप्रिल 2011ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन ते हाती द्यावं लागलं. जंगल राखलं कुणी आणि परवाना कुणाच्या खिशात, हा प्रश्न आमच्याकडे गिटारच्या आधीपासून आहे.

*

मिस्तरींनी स्वतःच एक गिटार करायचं मनावर घेतलं. फुलचूरमध्येच एक जुनं घर पाडलं, त्यातली ऐनाची मयाल त्यांनी उचलली. धुरानं काळी, आत तपकिरी, काळ्या रेघांची. पट्टी तिची, नेक शिवणीचा, कारण शिवण हलकी आणि वाकत नाही. तबलीचं अजून ठरत नाही. स्प्रूस इकडे मिळत नाही, आणि पॅकिंगच्या खोक्यांतलं विलायती पाइन घ्यावं की नाही यावर पोरांचे दोन तट आहेत.

खरी अडचण पडद्यांची. सतारीचे पडदे बांधलेले, सरकवता येतात. गिटारचा पडदा एकदा ठोकला की ठोकला. जुने युरोपी कारागीर उरलेल्या लांबीचे अठरा भाग करून एक भाग पुढे सरकत; गॅलिलिओच्या बापानं, विन्चेन्झोनं, 1581च्या पुस्तकात हाच हिशेब मांडला. पण अठरानं भागत गेलं तर 650 मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो, वरचा सा उतरतो. अचूक आकडा 17.817. पहिला पडदा 36.48वर, मग उरलेल्या 613.52ला पुन्हा भागायचं, असं बारा वेळा, की बरोबर 325वर येतं. मिस्तरींनी हे मोबाइलवर नाही, फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं केलं. तिसऱ्या पडद्याला हातचा चुकला होता तो गुरुजींनी पकडला.

करवतीचा काप किती रुंद हवा ते पडद्याच्या तारेवर अवलंबून, आणि तार नागपूरला एका दुकानात विचारली तर नाही म्हणाले. तार आणि खुंट्या कोलकात्याहून मागवायच्या ठरल्या. हावड्याची गाडी थेट गोंदियालाच थांबते, त्यामुळे मुंबईपेक्षा तिकडून लवकर येतील असं गुरुजींचं म्हणणं. पोरगा म्हणतो कुरिअर रेल्वेनं येतच नाही.

पैसे कोण भरणार ते अजून निघालेलं नाही.